ठेवणीचं अंडं

मला कोंबड्या आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. मान वाकडी करून एका डोळ्यानं बघायची त्यांची जी पद्धत आहे ना, ती मला लग्न झाल्यापासून खटकते. पाहुणी आलेली नणंद कोपऱ्यातली जळमटं हेरते, अगदी तसं बघतात. तरीही गेल्या हिवाळ्यात एका कोंबडीनं अंडं द्यावं म्हणून मी कानबाईला नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता.

कारण अक्का. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, सुंदरबाई. धुळ्याच्या पुढे पांझरेच्या काठाला आमचं गाव. सासरे गेल्यावर अक्का तिथं तीन वर्षं एकट्या राहिल्या. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून पडल्या. पडल्या सकाळी सातला आणि शेजारच्या भागाबाईला दिसल्या दुपारी बाराला. मग मात्र आमच्या ह्यांनी कुणाचं काही ऐकलं नाही आणि त्यांना जळगावला आणलं. ह्यांची नोकरी नाशिकला, शनिवारी येतात आणि रविवारी जातात. मुलगा भूषण पुण्यात. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या या घरात आठवड्याचे सहा दिवस मी आणि टीव्ही, दोघांचंच राज्य.

अक्का आल्या त्या एक कापडी पिशवी आणि एक डालगं घेऊन. डालग्यात चार कोंबड्या आणि एक कोंबडा. गाडीतून उतरताच त्यांनी अट घातली.

"कोंबडीले घर मानवनं तरच ती अंडं देस," त्या म्हणाल्या. "ह्या अंडं देतीन तवलोंग मी आठे. बंद व्हयनं का मी मन्हा घर चालनू."

मी हसले. अंडी थांबली की परत गावी! म्हातारीची गंमत वाटली. पण अक्का गंमत करताना डोळे मिचकावतात आणि त्या दिवशी त्यांनी ते मिचकावले नव्हते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

माझं माहेर फैजपूरचं. केळीच्या बागांतली मी, लग्न होऊन धुळ्याकडच्या कोरड्या गावात आले, तेव्हा मला अक्कांची भाषा निम्मी कळायची नाही. पहिला शब्द शिकले तो 'खुडूक'. कोंबडीच्या डोक्यात पिल्लांचं वेड शिरलं की ती अंडी द्यायची थांबते, पिसं फुगवून एका जागी बसून राहते आणि जवळ येईल त्याला टोचते. तिला म्हणायचं खुडूक. मी तेव्हा रागीट होते (आताही आहे, पण तेव्हा वयाला शोभायचं). जरा काही बिनसलं की जेवण सोडून मागच्या खोलीत जाऊन बसायची. अक्का गल्लीतल्या बायांना सांगायच्या, "आमनी नूतन खुडूक बठनी वं." गावात खुडूक कोंबडीला ताळ्यावर आणायला गार पाण्यात बुचकळतात, शेपटीला चिंधी बांधतात. मला मात्र अक्कांनी कधी बुचकळलं नाही. त्या भाकरी आणि ठेचा घेऊन यायच्या, ताटली माझ्यापासून हातभर लांब ठेवायच्या आणि न बोलता निघून जायच्या. कोंबडीला दाणे टाकावेत तसं. मी चिडायची आणि खायची.

सासरे, म्हणजे आबा, माळकरी. घरात अंडं शिजणं सोडा, त्याचं नावही निघायचं नाही. कोंबड्या अक्कांनी माहेराहून आणलेल्या, म्हणून परसात त्यांची वस्ती तेवढी चालवून घेतलेली. त्या घरात जमीन सासऱ्यांची, बैल सासऱ्यांचे, देव्हारा सासऱ्यांचा. अक्कांचं स्वतःचं असं काही असेल तर ते परसातलं ते डालगं. भूषण पोटात होता तेव्हा अक्का रोज सकाळी एक अंडं ओल्या फडक्यात गुंडाळून पाणी तापवायच्या चुलीच्या गरम राखेत पुरायच्या. सासरे देवळात गेले की गोठ्यामागं मला हाक यायची. अंडं सोललेलं, वर मिठाचे चार दाणे, राखेचा खमंग वास. मी खायची आणि अक्का वाटेकडे बघत उभ्या राहायच्या. "तोंड पुशी ले, आबाले वास ई," म्हणून पदर पुढं करायच्या. पुढं मी पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं, पण त्या अंड्याची चव कशाला आली नाही. आजही बंबातली राख काढताना कुणी दिसलं की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. या वयात हे सांगायला लाजही वाटत नाही.

तर पिंप्राळ्यात आम्ही मागच्या अंगणात जिन्याखाली जाळी मारली, फळ्या टाकल्या, टोपलीत भुसा घातला. चौथ्या दिवशी तांबडीनं अंडं दिलं. अक्कांनी ते आणून माझ्या तळहातावर ठेवलं आणि वरून माझी मूठ मिटली. "ऊन शे आजून," म्हणाल्या. त्यांचं सगळं तोंड हसत होतं.

पावसाळाभर अंडी आली. कोंबडाही भल्या पहाटे आरवू लागला. आमच्या भिंतीला भिंत लागून दलिचंदशेठचं घर आहे. कापडाचं दुकान, घरात पक्का जैन आचार, कांदा-लसूणसुद्धा नाही. कोंबड्यावरून आता भांडण होणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते. पण त्यांच्या पत्नी कुसुमलता, ज्यांना मी कुसुमभाभी म्हणते, भिंतीवरून म्हणाल्या, "बरं झालं, शेठ सामायिकाच्या ध्यानाला वेळेवर उठतात आता." मला भांडायला मिळालं नाही, याचं थोडं वाईटच वाटलं.

अक्कांची आणि माझी एकाच गोष्टीवरून कुरबुर होती. त्यांची मिश्रीची डबी. पितळी, झाकण चेपलेलं, चाळीस वर्षांची. गावी ती चुलीशेजारच्या खिडकीत असायची. इथंही त्यांनी ती ओट्याजवळच्या खिडकीत ठेवली. मला ओट्यावर तंबाखूचा वास खपत नाही. मी ती उचलून बाथरूमच्या कपाटात ठेवायची. दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा खिडकीत. मी पुन्हा उचलायची. असं चार-पाच वेळा झालं. मग ती डबी खिडकीत दिसेनाशी झाली आणि अक्कांच्या कापडी पिशवीतच राहू लागली. मी मनात म्हटलं, चला, शिकल्या.

दिवाळीच्या आधी हे रजा काढून आले आणि अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. मी घर झाडायला काढलं. झाडता झाडता जिन्याखाली पोचले. टोपलीतला भुसा कुजट झालेला, तो फेकला. त्यात एक अंडं होतं. टोकाला काजळाचा ठिपका लावलेलं, वजनाला हलकं. हलवलं तर आत डचमळलं. ईऽऽ! कोण जाणे कधीचं! ते मी कचऱ्याच्या गाडीत टाकलं, टोपली निरम्यानं घासून उन्हात वाळवली, नवा भुसा भरला. स्वच्छ काम झालं म्हणून स्वतःवर खूश होऊन चहा प्याले.

त्या दिवसापासून टोपलीत अंडं पडलं नाही.

तिसऱ्या दिवशी अक्कांनी विचारलं, "ठेवणीनं अंडं कोठे गयं वं?"

"कुठलं अंडं?"

"काजळनं. मी टोपलीमा ठेयेल व्हतं ते." मग मला कळत नाही असं बघून त्यांनी समजावलं. "एक अंडं तठेच ऱ्हाऊ देनं पडस. बठ्ठं उचली लिधं का कोंबडी म्हनस, आठे आपलं काहीच ऱ्हात नही. मंग ती दुसरी जागा दखस."

म्हणजे ते एक अंडं नसलं की कोंबडीला जागा आपली वाटत नाही, आणि ते मीच फेकलं होतं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "मांजरानं नेलं असेल."

अक्कांनी घरात उरलेल्या दुसऱ्या अंड्याला काजळ लावून टोपलीत ठेवलं. तांबडी आली, मान वाकडी करून एका डोळ्यानं तिनं ते पाहिलं आणि निघून गेली.

मी जनावरांच्या दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी एका कागदावर सगळं लिहून दिलं. दिवस लहान झाले की उजेड कमी पडतो, अंडी थांबतात. थंडीच्या तोंडाला कोंबड्या पिसं झाडतात, तेव्हा सगळी ताकद नव्या पिसांत जाते. जागा बदलली, दाणा बदलला, कुणी घाबरवलं, तरी थांबतात. वय झालं तर विचारूच नका. मी जिन्याखाली दिवा लावला, तर कोंबडा संध्याकाळीच पहाट झाली समजून ओरडायला लागला. शिंपल्यांची पूड आणली. बाजरी आणली. तीन कोंबड्यांनी खरंच पिसं झाडली, अगदी उघड्याबोडक्या झाल्या. त्यांना अक्कांनी माफ केलं.

"ते माले माहित शे," त्या म्हणाल्या. "पन तांबडीनं एक पीस झडनं नही. तुरा दख, कसा लालबुंद शे. तिनं मनच आठे लागत नही."

पुढचं वाक्य त्यांनी जाळीकडे बघत उच्चारलं. "मन्हं बी."

मधेच त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. डॉक्टरांनी महिनाभर थेंब टाकायला सांगितले. अक्कांनी ती बाटली उजेडात धरून हलवून पाहिली. "औषध सरनं का मी चालनू," म्हणाल्या. हे फोनवर चिडले, भूषणनं विनवण्या केल्या. अक्का ऐकतात होय! मी रोज चार वेळा त्यांच्या डोळ्यात थेंब टाकायची आणि प्रत्येक थेंबागणिक बाटली हलकी होताना बघायची. एकदा तर मी ती पाण्यानं भरावी का, असा विचार केला. डोळ्याचं औषध होतं म्हणून वाचलं.

त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. न्हाणी घसरडी होती हे खरंच, पण तेवढंच नव्हतं. सकाळी मागच्या अंगणात कुणीतरी "कुर्रऽ कुर्रऽ" करून दाणे टाकतंय आणि माझा चहा उकळतोय, या दोन आवाजांची मला सवय झाली होती. हे मी अक्कांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते असं, "तिथं पडलात तर आता भागाबाईलापण दिसणार नाही, ती सुरतला लेकीकडे गेलीय." समजावणीचं असलं वाक्य माझ्याच तोंडून निघू शकतं.

आणि मग एक दिवस तांबडीच दिसेना. अक्कांनी गल्ली पालथी घातली. नाल्याच्या बाजूला कुणीतरी मुंगूस पाहिलं होतं. अक्का जिन्याच्या पायरीवर बसल्या आणि डोळ्यावरचा काळा चष्मा काढून रडल्या.

"नूतन, तांबडी गयी वं. आते मन्हं आठे काय ऱ्हायनं?"

ऑपरेशनच्या डोळ्याला रडणं चालत नाही, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. मग आत जाऊन मीही रडले. एक अंडं फेकलं काय आणि कुठवर आलं सगळं!

त्याच आठवड्यात कुसुमभाभींनी भिंतीवरून विचारलं, "कोंबडीला थंडी लागते का हो, नूतनभाभी?"

आमची कोंबडी मेलेली आणि यांना थंडीची चौकशी! मी फटकन म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" त्या बिचाऱ्या आत निघून गेल्या. हल्ली त्यांचं काहीतरी बिघडलंच होतं. एरवी पापड वाळवायला मला मागच्या पडवीत बोलवायच्या, ते बंद झालं होतं. पडवीला जाड पडदाही लावला होता. माझा कोंबडा त्यांना आता खुपायला लागला असेल, असं मी धरून चालले.

महिना संपला. थेंब संपले. शनिवारी हे आले. रविवारी सकाळी अक्कांना गावी पोचवायचं ठरलं. कापडी पिशवी भरून दारात ठेवली होती, त्या तीन कोंबड्या आणि कोंबडा डालग्यात घातले होते. ह्यांनी गाडी पुसायला घेतली आणि फाटकात कुसुमभाभी उभ्या. तोंड पांढरं पडलेलं.

"नूतनभाभी, जरा मागे चला. अक्कांनाही आणा."

आम्ही गेलो. पडवीत दलिचंदशेठच्या जुन्या गाद्यांची चळत होती. कुसुमभाभींनी पडदा बाजूला केला. फाटलेल्या गादीतल्या कापसात तांबडी बसली होती. पिसं फुगवून, खुडूक. आम्हाला पाहून तिनं मान वाकडी केली. तिच्या पंखाखालून एक इवलंसं पिवळं डोकं बाहेर आलं. मग दुसरं. मग तिसरं.

अक्का मटकन खाली बसल्या.

"दिवाळीत ती भिंतीवरून यायला लागली," कुसुमभाभी हळू आवाजात सांगू लागल्या. "रोज एक... एक ठेवून जायची. अकरा झाली. मग बसलीच." त्यांना अंडं हा शब्दसुद्धा उच्चारवत नव्हता. "मी हात लावू शकत नाही. फेकू तर त्याहून शकत नाही, जीव आहे आत. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर..."

"तर काय?"

"तर तुम्ही ती खाल्ली असती," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "अक्का पायरीवर रडत होत्या ते मी ऐकलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. पण अकरा जीव होते हो, नूतनभाभी. मी पडदा लावला, पाणी ठेवलं. बाकी काही केलं नाही."

"दाणे कुणी टाकले मग?" मी विचारलं. कापसाशेजारी ज्वारी पसरलेली दिसत होती.

कुसुमभाभी बघत राहिल्या. आतल्या दारातून दलिचंदशेठ खाकरले. "सामायिक झाल्यावर मी टाकायचो," ते म्हणाले. "हिला सांगितलं नव्हतं."

मी हसावं की काय करावं! नवरा-बायको दोघं एकाच कोंबडीला एकमेकांपासून लपवत होते.

अक्कांनी एकेक पिल्लू उचलून मोजलं. "नऊ शेतस," म्हणाल्या. तांबडीनं त्यांच्या मनगटाला जोरात टोचलं, तरी त्या हसत होत्या. मग त्यांनी कुसुमभाभींचा हात धरला आणि सांगितलं, "यामानं एक बी आमना घर कापावं नही. मन्हा शबुद शे." कुसुमभाभींनी दोन्ही हात जोडले.

तांबडीला पिल्लांसह तिथंच ठेवून आम्ही परत आमच्या अंगणात आलो. ह्यांनी विचारलं, "निघायचं ना?" मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगणार नाही.

"अक्का, ते ठेवणीचं अंडं मांजरानं नेलं नव्हतं. मी फेकलं. दिवाळीच्या झाडणीत. मला माहीत नव्हतं आणि मग मी खोटं बोलले. तुम्ही जाऊ नका. मला करमणार नाही."

एवढं सगळं एका दमात बोलले. गेल्या तीस वर्षांत मी अक्कांना 'करमणार नाही' असं कधी म्हटलं नव्हतं.

अक्का डालग्याची दोरी सोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माले माहित व्हतं."

"माहीत होतं?"

"मांजर अंडं खास," अक्का म्हणाल्या. "पन टोपली धोईसन ठेवत नही."

हे गाडीजवळ उभे राहून मोठ्यानं हसले. मी तिथंच उभी, कान गरम झालेले. अक्कांनी कोंबड्या जाळीत सोडल्या, कोंबडा ऐटीत बाहेर आला आणि भर उन्हात आरवला. मग त्या उठल्या, दारातली कापडी पिशवी घेतली आणि घरात गेल्या. मी मागोमाग गेले. गावी जायला काही राहिलंय का बघतायत, असं मला वाटलं.

ओट्याजवळ पिशवी ठेवून त्यांनी आत हात घातला. पितळी डबी काढली. पदरानं पुसली आणि खिडकीत ठेवली, ती पहिल्या दिवशी ठेवली होती त्याच जागी. मग मान जराशी वाकडी करून ऑपरेशनच्या त्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं.

"हाई उचलू नको वं," अक्का म्हणाल्या. "हाई ठेवणीनी शे."